सहा घुमट एकदम मुके

शाल्मलीने बंद केला होता फक्त स्वतःचा संगणक. मग चंद्रावरच्या वसाहतीतले सहाच्या सहा घुमट मुके कसे झाले? तिचं डोकंच चालेना.

वसाहतीचा रिवाज होता, काम झालं की यंत्र बंद, वीज वाचवायची. शाल्मली त्यात भलतीच काटेकोर. मैत्रिणीला निरोप धाडून तिने बटण दाबलं, तोच आतल्या खोलीतून आजोबा रेडिओ हातात घेऊन धावत आले. वसाहतीचं नवंकोरं संगणकजाळं त्यांनीच कालच उभारलं होतं.

"अगं, तुझा बाबा चांद्रगाडीत बाहेर अडकलाय! प्राणवायू संपत आलाय. नियंत्रण घुमटाने दार उघडायचा हुकूम सोडलाय, पण तो गॅरेजला पोचतच नाहीये, आणि ते दार दुसऱ्या कशाने उघडत नाही. तू काही बंद केलंस का?"

"माझाच संगणक! गॅरेजचा नाही!"

"आधी चालू कर!"

तिने बटण दाबलं. संगणक जागा व्हायला वेळ लावत होता. शाल्मलीला रडू कोसळलं. "पण आजोबा, माझा काय संबंध?"

"आपलं वलयजाल आहे (कड्यासारखं जोडलेलं संगणकांचं जाळं). प्रत्येक घुमटातला संगणक फक्त दोन शेजाऱ्यांना जोडलेला. बांधकामावर घमेली हातोहात देतात ना, तसा निरोप पुढे सरकतो. निरोपावरचं नाव आपलं नसेल तर पुढे द्यायचा."

"मग उलट्या बाजूने पाठवा ना!"

"उलटी वाटच नाही. सगळे एकाच दिशेने जातात, म्हणून निरोपांची टक्कर होत नाही. पण मधला एक जरी झोपला, तरी निरोप तिथेच अडतो. पोचल्याची खूणही पूर्ण फेरी मारूनच परत येते, म्हणून सहाही घुमट मुके."

शाल्मलीला अर्धंच कळलं. तेवढ्यात पडदा उजळला. 'गॅरेजसाठी: दार उघडा.' नाव तिचं नव्हतं. संगणकाने निरोप पुढे दिला. शाल्मलीने रेडिओकडे कान लावला.

रेडिओवर बाबाचा आवाज खरखरला. "आलो एकदाचा आत!"

आजोबांनी रेडिओ खाली ठेवला. "चूक माझीच. संगणक झोपला तरी वाट चालू राहील अशी सोय मी केलीच नाही. आता उलट्या दिशेचं दुसरं वलयही घालू. एक तुटलं तर निरोप दुसऱ्यावरून जातील."

"मी मदत करणार," डोळे पुसत शाल्मली म्हणाली.

थोड्या वेळाने बाबा घरी आला. "दार उघडलं कुणी?"

शाल्मली पुन्हा गोंधळली. "हुकूम नियंत्रणाचा, दार गॅरेजचं... मी नुसता पुढे दिला."

बाबाने तिला जवळ ओढलं. "तेवढ्यावरच तर अडलं होतं, बाळा."