कात्र्या गप्प बसल्या तो शनिवार

सुधीश माश पहिल्यांदा आमच्या विडीच्या खोलीत आले, तेव्हा मी नेमकी एका खुनापाशी पोचले होते.

खून कादंबरीतला. दुपारचे अडीच वाजलेले, जेवणं आटपलेली. बत्तीस जणांच्या मांडीवर बत्तीस सुपं, सुपांत कापलेली पानं, तंबाखू आणि पानं कापायची कात्री, आणि हात आपले चाललेले. मी मधोमध उंच खुर्चीवर. एकानं वाचायचं, बाकीच्यांनी वळायचं, आणि संध्याकाळी प्रत्येकानं आपल्यातल्या मूठभर विड्या वाचणाऱ्याच्या सुपात टाकायच्या, म्हणजे त्याची मजुरी बुडत नाही. माझ्या आधी तीस वर्षं कुंजिरामेट्टन वाचायचे. त्यांचे डोळे अधू झाले आणि खुर्ची माझ्याकडे आली. त्या खुर्चीवर माझा फार जीव होता, हे आधीच सांगून ठेवते. पुढचा सगळा घोळ तिच्यामुळेच झाला.

दारात एक उंच माणूस उभा होता. कपाळावर घाम, काखेत वह्यांचा गठ्ठा, आणि चपला हातात... बाहेर काढायच्या की आत आणायच्या, हे बहुधा ठरलं नव्हतं.

"माफ करा... इथे वाचन चालतं ना?"

"खून चाललाय," दाराशी विड्या वळत बसलेल्या माधवीअम्मा म्हणाल्या. "बसायचं तर बसा. मध्ये बोलू नका."

ते चपला मांडीवर घेऊन खाली बसले. मी पुढं वाचायला लागले. मान वर करायची नाही असं ठरवलं होतं, तरी केली. ते माझ्याकडेच बघत होते. मान खाली घातली आणि तीच ओळ मी पुन्हा वाचली. कुणाच्या लक्षात आलं नाही. माधवीअम्मांच्या आलं, पण त्या कधी नको तिथे बोलत नाहीत. हवं तिथेच बोलतात, ते जास्त वाईट.

खून उरकल्यावर माश उभे राहिले. गावच्या प्राथमिक शाळेत नवे आलेले मास्तर, आमच्याकडे मास्तरांना माशच म्हणतात. चौथीचा वर्ग, एकोणीस मुलं. बोलणं आमच्यासारखं नाही, दक्षिणेकडच्या जिल्ह्यांतलं, गुळगुळीत, धुतल्यासारखं. आमच्या बायका गालात हसायला लागल्या.

"मुलांना निबंध लिहायला सांगितला," ते म्हणाले. "एकोणीस वह्या, एकोणीस गायी. सगळ्या उपयुक्त. एकीनंही कुणाला लाथ मारलेली नाही. वाचायला उभं केलं तर ओठ हलतात, आवाज येत नाही."

"मग आम्ही काय करू? गायी बांधू?" कुंजिरामेट्टन म्हणाले.

"ऐका. मी ऐकतो, पण मी मार्क देतो. तुम्ही मार्क देणार नाही. शनिवारी एक तास मुलं तुम्हाला वाचून दाखवतील... बस, एवढंच."

खोलीत कुरकुर सुरू झाली. शनिवारी आमच्याकडे आठवड्याच्या राजकारणाचा हिशेब होतो, तो तास सोडायचा म्हणजे काय! शिवाय कंटाळवाणं वाचन चाललं की हात मंदावतात, आणि हात मंदावले की मजुरी कमी. लोक चुकीचं बोलत नव्हते.

"चार शनिवार देऊन बघू," मी म्हणाले. "जबाबदारी माझी."

"आणि नाही जमलं तर, लिजिना?" कुंजिरामेट्टननी विचारलं.

"तर खुर्ची तुमच्या भाच्याला."

बोलले आणि जीभ चावली. भाचा कधीपासून टपलेला होताच. बत्तीस जणांसमोर बोललेला शब्द मागे घेता येत नाही. माश तेवढ्यात ओसरीवर चपला घालत होते, त्यांनी यातलं काहीच ऐकलं नाही.

पहिल्या शनिवारी मुलं ओसरीवर, खिडकीपाशी रांगेत उभी राहिली. आत तंबाखूची धूळ, म्हणून त्यांनी उंबरा ओलांडायचा नाही असं ठरलं होतं. मुलांना धीर यावा म्हणून माशांनी स्वतः सुरुवात केली. विषय, वाचनाचे महत्त्व.

चार ओळी झाल्या आणि कुंजिरामेट्टननी सुपाच्या कडेवर कात्री वाजवली. टक्. मग माधवीअम्मांनी. टक् टक्. मग सगळी खोली. माशांचा चेहरा असा काही फुलला की काय सांगू! त्यांनी मान लववली, आवाज चढवला आणि आणखी वाचलं. कात्र्या वाढल्या. त्यांनी आणखी वाचलं. मी वर्तमानपत्रामागे तोंड लपवून घेतलं.

नंतर कोऱ्या चहाचा ग्लास हातात घेऊन ते माझ्यापाशी आले. "किती प्रेमळ माणसं आहेत हो! टाळ्यांऐवजी कात्र्या..."

"माश, कात्री वाजली की पान उलटायचं असतं."

"म्हणजे?"

"म्हणजे कंटाळा आला. पुढं चला."

त्यांचे कान लाल झाले. चहा तसाच हातात. "मग आवडलं तर काय करता?"

"काही नाही. ऐकतो."

"आणि मी दोन पानं जास्त..."

"तीन."

ते असे हसले, असे हसले की ग्लासातला चहा कमरेच्या मुंडूवर सांडला. ते हसू मी त्या दिवशी घरी घेऊन गेले. आईनं विचारलं, पुट्टूच्या पिठात मीठ घालायला का विसरलीस.

दुसऱ्या शनिवारी मुलांच्या गायी आल्या. कात्र्या वाजल्या. तीर्था नावाची एक पोर तर खिडकीशी उभी राहिली आणि तोंड न उघडताच मागे गेली. माधवीअम्मांची नात. ओणमच्या सणापासून वर्गात तिनं एक अक्षर मोठ्यानं वाचलेलं नव्हतं.

त्या संध्याकाळी आम्ही दोघं वाचनालयाच्या पायरीवर वह्या घेऊन बसलो.

"मुलं तुमच्यासाठी लिहितात," मी म्हणाले. "तुम्हाला काय आवडतं ते त्यांना माहीत झालंय. त्यांना आमची माणसं द्या. एकेका मुलाला एकेक माणूस. बसतील, विचारतील, ऐकतील. मग जे ऐकलं ते लिहितील."

"तुमची माणसं तयार होतील?"

"शिव्या देतील आणि होतील."

तसंच झालं. शाळा सुटली की मुलं आमच्या लोकांच्या अंगणात दिसायला लागली. कुणी पान कसं भिजवतात ते विचारत होतं, कुणी जुन्या संपातली गोष्ट. तीर्थाला माधवीअम्माच मिळाल्या. "घरातलीच दिलीत," त्या म्हणाल्या, "चहा वाचला."

रोज संध्याकाळी आमची पायरी ठरलेली. माश लाल पेन काढायचे, मी ते काढून घ्यायची.

"अहो, हे वाक्य असं नसतं."

"त्याची आजी असंच बोलते."

"मग मी काय करू?"

"ऐका."

"तुमचं ऐकतोच आहे... दुसरं काय करतोय मी?"

मी पेन माझ्या पिशवीत टाकलं. परत द्यायचं विसरले. म्हणजे, विसरले असं त्यांना सांगितलं.

तिसऱ्या शनिवारी जरा बरं झालं. कुंजिरामेट्टनच्या जुन्या सायकलीवर एका मुलानं लिहिलं होतं आणि अर्ध्या खोलीनं कात्री उचलली नाही. अर्धीनं उचलली. त्या संध्याकाळी माश पायरीवर आले ते रागातच.

"खुर्ची पणाला लावलीत? आणि मला हे माधवीअम्मांकडून कळतं?"

"तुम्ही विचारलं नव्हतंत."

"ओळख ना पाळख, आणि माझ्यासाठी असं...! पुन्हा कुणासाठी असं करू नका."

"नाहीच करणार," मी म्हणाले. "पुन्हा कुणासाठी."

वाचनालय बंद करायला आलेल्या माणसानं कुलूप दोनदा वाजवलं, तेव्हा उठलो. घरी आल्यावर मला भीती वाटली. खुर्ची जाईल याची वाटत होतीच. पण ती गेली तर ते स्वतःला दोष देत बसतील आणि मग पायरीवर येणार नाहीत, याची जास्त वाटली.

चौथ्या शनिवारी तीर्था पुढे आली. वही नाकाला टेकलेली. कुंजिरामेट्टननी कात्री आधीच हातात घेतली होती.

"माझी अम्मम्मा विड्या वळते," तिनं सुरुवात केली. आवाज बारीक, पण येत होता. "तिला वाचता येत नाही. लिजिनाचेची जी गोष्ट वाचते, ती अम्मम्मा घरी मासे साफ करताना मला सांगते. चेचीच्या गोष्टीत जो मरतो, तो अम्मम्माच्या गोष्टीत मरत नाही. मी विचारलं, का नाही मरत? ती म्हणाली, दिवसभर वळून अंगठा दुखतो, त्यात आणखी माणसं कशाला मारायची. मागे एकाचा खून झाला. अम्मम्मानं त्याला रिक्षात घालून दवाखान्यात नेलं. आता तो बरा आहे."

कुणीतरी हसलं आणि लगेच थांबलं.

"मला वाचता येतं. पण पुस्तकातली माणसं खरंच मरतात, म्हणून मी मोठ्यानं वाचत नव्हते. अम्मम्मा म्हातारी झाली आहे. ती नसली की तिच्या गोष्टी कुणाला माहीत नसतील. म्हणून मी लिहायला लागले."

तिनं वही मिटली.

त्या खोलीत पानांची सळसळ कधी थांबत नाही. त्या दिवशी थांबली. बत्तीस सुपांवर एकही हात हलत नव्हता. मुलांच्या मागे माश पांढरेफटक होऊन माझ्याकडे बघत होते, आणि हात थांबणं चांगलं की वाईट हे मलाही ठाऊक नव्हतं, कारण ती खोली इतकी शांत मी याआधी ऐकलीच नव्हती. कुंजिरामेट्टननी कात्री अलगद सुपात ठेवली.

माधवीअम्मांनी डोळे पुसले. "दवाखान्याचं कशाला लिहायचं गं? सगळ्यांना कळलं ना आता." मग खिडकीकडे बघून म्हणाल्या, "पुढं?"

"पुढं नाही लिहिलं."

"मग लिही. शनिवारी वाच."

कुणी मत घेतलं नाही, कुणी हात वर केले नाहीत. कुंजिरामेट्टन एवढंच म्हणाले, "भाच्याला सांगतो, दुसरं काम बघ म्हणून."

पुढच्या शनिवारी तीर्थाचं वाचून झालं आणि ती माशांकडे वळली. "माश, सगळ्यांनी लिहिलं. तुम्ही नाही."

"मी... लिहिलंय." त्यांनी खिशातून घडी केलेला कागद काढला. उंबरा ओलांडून ते आत आले, या वेळी चपला बाहेर ठेवून.

"मी पहिल्यांदा या खोलीत आलो तेव्हा एक खून चालला होता. वाचणारीनं एक ओळ दोनदा वाचली. मला वाटलं, पुस्तकातच तशी असेल. मी वाचनालयातून ते पुस्तक नेलं. त्यात ती ओळ एकदाच आहे." ते थांबले. "तेव्हापासून मला एकच विचारायचंय... ती ओळ तिनं दुसऱ्यांदा का वाचली?"

पुन्हा सळसळ थांबली. बत्तीस माणसं आणि एकोणीस मुलं माझ्याकडे बघत होती. माझे कान तापले. पळून जावं म्हटलं तर खुर्ची उंच.

वाचणाऱ्याजवळ कात्री नसते. माधवीअम्मा उठल्या आणि आपली कात्री त्यांनी माझ्या हातात दिली. "आवडलं नसेल तर वाजव गं. आम्ही मध्ये बोलत नाही."

कात्री जड होती, पाती झिजलेली. माझी खुर्ची लोखंडी. चुकून तिला लागून वाजली असती तर... म्हणून ती मी ओढणीत गुंडाळली. एक गाठ मारली, वर आणखी एक मारली, आणि दोन्ही हातांनी मांडीवर घट्ट धरून ठेवली.

"पुढं वाचा, माश," मी म्हणाले.

"पुढं नाही लिहिलं..."

"मग लिहा," मी पिशवीतून त्यांचं लाल पेन काढून दिलं. "मी दोनदा वाचीन."