तेरा दिवस मागे

ट्युनिशियातल्या नाबलचा मार्चमधला पाऊस छत्री उघडेपर्यंत दम धरत नाही, आणि एकदा छत्री उघडली की थांबतो. त्या दुपारी तो कोसळला तेव्हा हैकल नेमका भर रस्त्यात होता. खांद्यावरची पिशवी पोटाशी कवटाळून तो समोर दिसलं त्या दारात घुसला.

आत कॉम्प्युटरला चापट्या बसत होत्या. चापट्या मारणारी मुलगी पाठमोरी होती, आणि तिच्या वेणीत नारिंगाची दोन-तीन पांढरी फुलं आपसूक अडकली होती.

"मारून सुधारत नाही ते," हैकल म्हणाला.

"तुम्हाला कुणी विचारलं?" ती वळली. "आणि आधी पाय उचला. आमच्या फुलांवर उभे आहात."

त्यानं खाली पाहिलं. फरशीभर चादरी, चादरींवर सकाळीच खुडलेली फुलं, आणि त्यांत त्याचा चिखलानं माखलेला बूट. त्यानं तो पाय उचलला आणि परत कुठे टेकवावा हे न कळून तसाच एका पायावर उभा राहिला. त्या मुलीला, सिवारला, हसू आवरलं नाही.

तिच्या वडिलांचं, गाव ज्यांना अम्म म्हणजे काका म्हणायचं त्या अम्म तैयबचं, हे दुकान. पुढे बाटल्या, मागे तांब्याची भट्टी, आणि वर्षातले चारच आठवडे फुलांचा अर्क काढायचे. बाटल्यांवरची लेबलं छापायची ती या कॉम्प्युटरवर. त्याच्यातल्या प्रोग्रामनं कालपासून हट्ट धरला होता की नवी आवृत्ती उतरवून घ्या, नाहीतर एकही लेबल मिळणार नाही. उतरवायला जावं तर दरवेळी एकच वाक्य: सुरक्षित जोडणी होऊ शकली नाही, समोरच्या सर्व्हरवर विश्वास ठेवता येत नाही. बिनलेबलाची बाटली ट्युनिसचा व्यापारी हातात धरत नसे.

हैकल चौकातल्या कॉम्प्युटर दुरुस्तीच्या दुकानात कामाला होता. गाव त्याचं बिझेर्त. तिथल्या बंदरात नोकरी ठरत आली होती, अठ्ठावीस तारखेला तो परत जाणार होता. हे सगळं सिवारनं पहिल्या दहा मिनिटांत काढून घेतलं, अगदी सहज विचारल्यासारखं.

"इतका संशयी कॉम्प्युटर मी बघितला नाही," तो म्हणाला.

"घरच्यांवर गेलाय," सिवार म्हणाली, आणि भट्टीजवळून अम्म तैयब खाकरले.

त्यानं वायर बदलली, विषाणू अडवणारा प्रोग्राम बंद करून पाहिला, स्वतःच्या फोनचं इंटरनेट जोडलं. तरी तेच वाक्य. म्हणजे दोष लाइनचा नव्हता, डब्यातच होता. घड्याळावरही त्यानं नजर टाकली: साल बरोबर, महिना बरोबर, मिनिटाचाही फरक नाही. तो पुढे गेला. पाऊस केव्हाच थांबला होता, हे दोघांच्याही लक्षात आलं नाही.

दुसऱ्या दिवशी बाराच्या ठोक्याला तो हजर. तिसऱ्याही दिवशी. सिवार कॉफी आणायची आणि त्यात फुलांच्या अर्काचे दोन थेंब टाकायची. तिसऱ्या दिवशी चार पडले.

"ही कॉफी आहे की अत्तर?" त्यानं विचारलं.

"प्यायची तर प्या. बिझेर्तला समुद्राचं पाणी मिळेल."

बोलता बोलता त्यानं तिला समजावलं होतं की सर्व्हर आधी आपलं ओळखपत्र दाखवतो, आणि कॉम्प्युटर त्याच्यावरच्या तारखा तपासून मगच दार उघडतो. सतरा मार्चलाच कंपनीनं नवं ओळखपत्र काढलं होतं. मग ते याला का पटू नये, तेवढंच त्याला उमगत नव्हतं.

बावीस तारखेच्या सकाळी सिवारनं भिंतीवरच्या कॅलेंडरचं, रोजनाम्याचं, पान फाडलं. पानावर नेहमीप्रमाणे तीन तारखा. वर हिजरी, मध्ये सगळ्या जगाची, आणि तळाशी बारीक अक्षरात शेतकऱ्यांची, अजमी, तेरा दिवस मागून चालणारी. बाबांचा सगळा संसार त्या तळच्या ओळीवर. कलमं त्या तारखेनं, तोडणी त्या तारखेनं. मधल्या तारखेला ते सरकारी म्हणायचे आणि सोडून द्यायचे.

तिनं कॉम्प्युटरच्या पडद्याकडे पाहिलं. नऊ मार्च.

गेल्या महिन्यात वीज जाऊन घड्याळ बिघडलं होतं, तेव्हा बाबांनीच ते लावलं होतं… रोजनाम्यात बघून. तिच्या डोक्यात लख्ख उजेड पडला. कॉम्प्युटरच्या मते सतरा मार्च अजून उगवायचा होता. पुढच्या आठवड्याचं ओळखपत्र घेऊन कुणी दारात आला तर त्याला लबाडच म्हणणार. जुनं ओळखपत्र होतं तोवर काही अडलं नव्हतं, कारण त्याची तारीख केव्हाची मागे पडली होती.

तिचा हात माउसकडे गेला. दोन क्लिकचं काम. मग लेबलं निघतील, बाबांचा जीव भांड्यात पडेल, आणि बारा वाजता कुणी येणार नाही.

तिनं हात मागे घेतला.

पुढचे तीन दिवस ती सुखात होती आणि त्या सुखाची तिला लाज वाटत होती. बिनलेबलाच्या बाटल्यांची रांग भिंतीला टेकली. पंचवीस तारखेला हैकल आला तो गप्पगप्प. खोदून विचारल्यावर हसत म्हणाला, मालक साऱ्या चौकासमोर त्याची टोपी उडवतात. आठवडाभर एक डबा सुधारत नाही, अशा माणसासाठी बंदरवाल्यांना शिफारस काय लिहू, असं विचारतात. तो हसला खरा, पण त्याचे कान लाल झाले होते. सिवारनं रात्री ताट तसंच बाजूला सारलं.

सव्वीस तारखेला तिनं कॉफी ठेवली आणि त्याच्याकडे न बघता बोलली.

"तारीख चुकलीये. तेरा दिवस. बाबांनी अजमी लावलीये."

हैकलनं रोजनाम्याकडे पाहिलं, मग पडद्याकडे. "कधी कळलं?"

"बावीसला."

"बावीसला…" त्याचा आवाज उतरला. "सिवार, चार दिवस लोक माझी थट्टा करतायत. का नाही सांगितलंस?"

"सांगितलं असतं तर लगेच सुधारलं असतं."

"मग?"

"मग तू आला नसतास."

ती पहिल्यांदाच त्याला अरेतुरे करत होती. तिचे डोळे भरून आले होते आणि ते लपवायला हाताशी ओढणीसुद्धा नव्हती. हैकलनं माउस ओढून घेतला. त्यानं तारीख नीट केली, बटण दाबलं. कॉम्प्युटरनं कुरकुर न करता नवी आवृत्ती उतरवायला घेतली. हिरवी पट्टी हळूहळू पुढे सरकू लागली.

"लाइन फार जोरात आहे आज," पट्टीकडे बघत तो म्हणाला. "जरा सावकाश चालली असती तर बरं झालं असतं."

ती रडता रडता हसली.

अम्म तैयब मात्र खवळले. कॉम्प्युटरमधून त्यांची तारीख कुणी काढली? हैकलनं वाद घातला नाही. बसल्या जागी त्यानं लेबलाचा साचा बदलला. वर सरकारी तारीख, खाली ठळक अक्षरात अजमी, आपोआप. अम्म तैयबनी पहिलं लेबल उजेडात धरून दोनदा वाचलं आणि आपल्या हातानं बाटलीवर चिकटवलं.

मालकांनी शिफारस लिहून दिली. अठ्ठावीस तारखेला हैकल निरोप घ्यायला आला, हातात बॅग. बाबा भट्टीपाशी होते.

"येतो," तो म्हणाला.

"कधी?" तिनं विचारलं, आणि विचारल्याचा तिला रागही आला.

"अठ्ठावीस मार्चला."

"आज अठ्ठावीसच आहे."

"तुझ्या बाबांची नाही." त्यानं रोजनाम्याच्या तळच्या ओळीवर बोट ठेवलं. तिथे पंधरा होती. "आईला घेऊन येईन."

तेरा पानं. सिवारनं ती एकेक करून फाडली, आणि एकदाही दोन एकदम फाडली नाहीत, मोह झाला तरी. फोन यायचे, पण फोनवर तो वाऱ्याबद्दलच जास्त बोलायचा. दहा एप्रिलला फुलांचा शेवटचा घाणा भट्टीत चढला होता. बारा वाजता दाराशी गाडी थांबली. एक ठेंगणी बाई मिठाईचा मोठा डबा सांभाळत उतरली, आणि तिच्यामागून हैकल, चादरीवरची फुलं टाळत, जवळजवळ एका पायावर.

अम्म तैयबनी हात पुसले, भिंतीपाशी जाऊन तळची ओळ वाचली.

"अठ्ठावीस," ते म्हणाले. "शब्दाचा पक्का दिसतोय. सिवार, कॉफी ठेव. आणि थेंब मोजून टाक, त्याची आई पण पिणार आहे."