अकरा वाजून सात मिनिटं

“लाईन एकदम साफ हाये, दीदी.” नेटवाल्या दुर्गेशनं राउटरमधून तपासणीची वायर काढली. “खराबी घरातच हाये.”

आचल ऐकतच राहिली. हैदराबादच्या कंपनीची ऑनलाइन मुलाखत आज तिसऱ्यांदा तुटली होती. आधीच्या दोन वेळांनंतर दुर्गेशनं वायर बदलली, राउटर माडीवरून खाली बैठकीत आणला. तरी आज रेणूभाभीनं आणून ठेवलेला चहा निवायच्या आधीच पडदा थिजला. फुलचूरच्या या टोकाला मोबाईलची रेंज धड मिळत नाही. सगळी भिस्त घरच्या वायफायवर. कंपनीनं उद्याची शेवटची वेळ दिली होती.

“घरातच म्हणजे?”

“मुलाखत तुटली तवा टीव्ही बंद पडला होता का?”

आचलनं आठवलं. माय बैठकीत टीव्हीवर इंटरनेटवरचं भजन ऐकत होती. ते एकदाही अडखळलं नव्हतं.

“नाही.”

“मंग नेट गेलंच नाही. तुमचं नेट कोनीतरी रोकलं.”

त्यानं फोनवर राउटरचं ॲप उघडलं. घरातला प्रत्येक फोन, प्रत्येक लॅपटॉप त्यात नावानं दिसत होता आणि नावापुढं तो बंद करायचं बटण होतं. आता सगळे चालू होते.

“काम झालं का रोकनारा पुन्हा चालू करून टाकते. पन नोंद राहते.”

आजची नोंद तीन ओळींची होती. दहा अठ्ठावन्नला ‘आचल’ बंद. अकरा सातला ‘रुचि’ बंद. पावणेबाराला दोन्ही चालू.

रुचि तिची नागऱ्याची मैत्रीण. आपल्या लॅपटॉपवर भरवसा उरला नाही म्हणून आचलनं काल तिचा मागून आणला होता. पिशवीतून आणला आणि थेट आपल्या खोलीत ठेवला. आज मुलाखत त्यावरूनच चालू होती. तिचा स्वतःचा बैठकीतल्या पलंगावर चालू पडला होता.

“कोनी केलं ते दिसते?”

“ते नाही दिसत. पन हे ॲप घरच्या वायफायवरच चालते, बाहेरून नाही. अन् पासवर्ड राउटरच्या मागंच चिकटवला हाये. कोनीही वाचावा.”

दुर्गेश गेला. आचल आधी अंगणात गेली. बाबूजी, चैनलाल, फवारणीचा पंप उकलून बसले होते.

“बाबूजी, मी हैदराबादले जाऊ नये असं वाटते ना तुमाले?”

“वाटते. तोंडावर म्हनलो, दहादा म्हनलो. आता कायले विचारून राहिली?”

“माही मुलाखत कोनीतरी तोडून राहिलं.”

बाबूजींनी खिशातून बटनांचा फोन काढून तिच्यापुढं धरला. “यानं तोडू का?”

माय, मुन्नीबाई, तर प्रश्नच समजली नाही. “मले रिमोटचे तीन बटनं समजते, बाई. चौथं दाबलं का वीरेंद्रले हाक मारतो.”

वीरेंद्र. तिचा मोठा भाऊ. वायफाय बसवलं तेव्हा ॲप त्यानंच चालू केलं होतं. राईस मिलच्या ऑफिसात तो दिवसभर कॉम्प्युटरवरच असतो. आधीच्या दोन्ही मुलाखतींच्या दिवशी तो सुट्टीवर होता, घरी होता. आणि आज सकाळी विसरलेल्या कागदांसाठी साडेदहाला परत आला होता. याच दादानं तिला गोंदियाच्या कॉलेजात मोटारसायकलवर सोडलं होतं, तीन वर्षं.

तिनं फोन लावला. “दादा, आज घरून किती वाजता निघाला?”

“अकराले. तू त्या लोकायले गुड मॉर्निंग करून राहिली होती. काऊन?”

तिनं मोटारसायकलचा आवाज ऐकला होता. मुलाखतीतल्या बाईंनीही ऐकला होता, हसल्या होत्या. म्हणजे दहा अठ्ठावन्नला दादा घरात होता. पण अकरा सातला नव्हता.

आचल खोलीत येऊन बसली. तिनं अकरानंतरची ती सात मिनिटं एकेक करून आठवली. मग उठली आणि सगळ्यांना बैठकीत बोलावलं. वीरेंद्रही जेवायला आला होता.

“आधी माहा लॅपटॉप बंद केला,” ती म्हणाली. “ज्यानं केला त्याले वाटलं, झालं काम. पन मुलाखत चालूच होती, रुचिच्या लॅपटॉपवर. तो घरात हाये हे कोनालेच मालूम नव्हतं. दादाले नाही, मायले नाही. मंग नऊ मिनिटांनी तोबी बंद झाला. म्हनजे त्या नऊ मिनिटांत कोनीतरी तो पाहिला.”

वीरेंद्र राउटरकडं पाहू लागला.

“अकराच्या नंतर माह्या खोलीत एकच मानूस आलं. चहा घेऊन. पाठीवर हात ठेवून ‘घाबरू नको’ म्हनलं, अन् लॅपटॉपवरचं रुचिच्या नावाचं स्टिकर पाहून गेलं.” ती रेणूकडं वळली. “भाभी, तिन्ही बार तूच का?”

रेणूनं पदराचं टोक मुठीत धरलं होतं. ती नाही म्हणाली नाही.

“तू माह्यासाठी नागऱ्याच्या महादेवाले नारळ बोलली होती!”

“बोलली होती. खरंच बोलली होती,” रेणू म्हणाली. “पन बाबूजींनी मले सांगितलं, आचल गेली का घर तुलेच पाहा लागन, बी.एड. बंद. माहं दुसरं वर्ष हाये, आचल. सहा महिने राहिले. मले वाटलं, सहा महिने तू थांबली पाहिजे.”

आचलनं बाबूजींकडं पाहिलं. ते जमिनीकडं पाहत होते.

“मले सांगितलं असतं तर?”

“तर तू थांबली असती?”

आचल थांबली नसती. हे दोघींनाही ठाऊक होतं.

“बाबूजी, भाभीचं कॉलेज बंद होनार नाही. हे सगळ्यांसमोर बोला.”

मग बाबूजी “नाही होनार” म्हणाले, आणि उठून अंगणात गेले.

दुसऱ्या दिवशी आचलनं रुचिच्या घरून मुलाखत दिली. आठव्या दिवशी निवडीचं पत्र आलं.

निघायच्या आदल्या दिवशी रेणू दाराशी उभी राहिली. हातात वाटेसाठी केलेल्या पुऱ्यांचा डबा होता.

“गाडी किती वाजताची हाये?”

गाडी सकाळी सातची होती.

“नऊची,” आचल म्हणाली आणि डबा घेतला. भाभीशी ती आजवर कधी खोटं बोलली नव्हती.