रंगखात्याचं माप

पटवायला मी कोणाला बसलेली नाही. पण हे घडलंय. रविवारी, भर दुपारी तीन वाजता, आणि घडलं तेव्हा टेपचं एक टोक माझ्या हातात होतं.

दुसरं कोणाच्या हातात होतं, हाच प्रश्न आहे.

मी नगररचनेच्या ऑफिसात नकाशे काढते. शिक्षण त्यातलं नाही. साहेबांच्या मागे उभी राहून, बघत बघत शिकले. गेल्या वर्षी आमच्याकडे नदीकाठच्या बंद गिरण्यांचं काम आलं. फिरायला रस्ता, बाकं, झाडं, एक संग्रहालय. फायलीवर नाव होतं 'नदीकाठ पुनरुज्जीवन'. पुन्हा जिवंत करायचं तर आधी कोणीतरी मेलेलं असावं लागतं, हे तेव्हा कोणाच्या डोक्यात आलं नाही.

अडचण एकच होती. नवा रस्ता दोनच ठिकाणांहून जाऊ शकत होता. एक तर कापड रंगवायचं जुनं रंगखातं पाडून, नाहीतर त्याच्यामागची कामगारांच्या घरांची ओळ पाडून. साहेबांनी सोपं करून टाकलं. रंगखातं आतून नव्वद फुटांपेक्षा लांब असेल तर संग्रहालयाला पुरेल, मग घरं जातील. कमी भरलं तर रंगखातं जाईल.

जुन्या नकाशात नेमका तोच आकडा वाळवीने खाल्लेला.

आणि त्या ओळीतलं चौथं घर माझ्या ताईचं.

सोमवारी बैठक होती. आमचा मोजणीवाला तापाने पडलेला. म्हणून मी भाऊजींना, ताईच्या नवऱ्याला, सोबत घेतलं. वीस वर्षं त्याच खात्यात घालवलेला माणूस. निघताना ताईने मला बजावलं, टेप ताणून धर हो बाई, पण आमच्या बाजूने. मी हसले.

भाऊजी हसले नाहीत.

आत खिडक्यांना पत्रे ठोकलेले. दारापाशी काय तो उजेड, पुढे काळोख. डाव्या हाताला ओळीने तीन हौद, माणूस बुडेल एवढे खोल. टेपची कडी घेऊन भाऊजी पुढे गेले. त्यांची पावलं ऐकू येत होती… मग थांबली.

टेप मात्र माझ्या हातातून सरकत राहिली.

सावकाश… आणि मग ताणली गेली. मी ओरडून विचारलं, धरलंत का?

"आहे."

घोगरा आवाज. धुळीने घसा बसला असेल, म्हटलं. पण 'धरलं' म्हणायचं सोडून 'आहे' कशाला?

मी आकडा वाचला. चौऱ्याऐंशी फूट.

माझा जीव भांड्यात पडला. ताईचं घर वाचलं होतं. आमच्याकडे प्रत्येक माप दोनदा घेतात, म्हणून मी पुन्हा विचारलं.

"आहे."

पुन्हा चौऱ्याऐंशी. मी वहीत लिहिलं.

तेवढ्यात कोणीतरी म्हणालं, "धाकटे, झालं का गं?"

भाऊजी होते. माझ्या मागे. दारात… रुमालाने मान पुसत.

टेप अजून ताणलेलीच होती.

मग ती सैल झाली. झटक्याने नाही… कोणी जपून खाली ठेवावी तशी.

बाहेर पायरीवर येऊन मी टेप गुंडाळली. हाताचं काम थांबवलं असतं तर मी रडले असते. शेवटी कडी हातात आली. ओली. आणि बोटांना निळं लागलं.

खातं बंद होऊन बावीस वर्षं झालीत.

भाऊजी म्हणाले, ते पहिल्या हौदापाशीच अडले. पुढे पाऊलच उचलेना. टेप तिथेच ठेवून ते बाजूच्या दाराने बाहेर गेले होते. मग मी त्यांना त्या 'आहे'बद्दल सांगितलं, आणि ते माझ्याशेजारी पायरीवर बसले.

तिथली रीत होती ती. वाफ इतकी दाटायची की शेजारचा माणूस दिसायचा नाही. म्हणून हौदात वाफ सोडण्याआधी मोठ्याने विचारायचं, आहे का? आतून कोणी 'आहे' म्हणालं, तर वाफेच्या चाकाला हात लावायचा नाही.

"चौऱ्याऐंशी म्हणजे तिसरा हौद," भाऊजी म्हणाले. "भिंत अजून बारा फूट पुढे आहे. त्या हौदात एक जण गेला. घासायला उतरला होता. वाफ मी सोडली होती."

पुढचं मी विचारलं नाही.

वही माझ्या मांडीवर होती. आकडा मी काही मनाने लिहिला नव्हता. तोच दिला असता, तर घर राहिलं असतं. आणि रंगखातं गेलं असतं… त्याच्यासकट.

मी काही बोलायच्या आत भाऊजी उठले.

"चल, पुन्हा माप. तो आहे म्हणतोय ना? मग पाडायचं नाही."

या वेळी ते बॅटरी घेऊन थेट भिंतीपर्यंत गेले. शहाण्णव फूट. मी चौऱ्याऐंशी खोडलं आणि शहाण्णव लिहिलं.

घरांची ओळ गेली. ताई आता तिसऱ्या मजल्यावर राहते. माझ्याशी कामापुरतं बोलते. सख्ख्या बहिणीसाठी सहा-सात फूट इकडेतिकडे करता आले नाहीत तुला, म्हणते. भाऊजी शेजारी बसून फरशीकडे बघत राहतात. तिला आम्ही अजून काही सांगितलेलं नाही. काय सांगणार?

आता तिन्ही हौद काँक्रीटने भरायचे आहेत. त्याआधी 'आत काही शिल्लक नाही' अशा कागदावर माझी सही लागते. हे मी ताईच्या घरी, भाऊजींसमोर सहज बोलून गेले.

दुसऱ्या दिवशी सकाळी भाऊजी ऑफिसात आले. आयुष्यात पहिल्यांदा. चपला पुसून आत आले, माझ्यासमोर बसले. म्हणाले, आत्ता तिकडूनच येतोय. एकटाच गेलो होतो. तिसऱ्या हौदाच्या काठावर उभं राहून विचारलं, आहे का? तीनदा विचारलं.

काहीच उत्तर आलं नाही.

मी त्यांना पाणी दिलं. म्हटलं, मग चांगलंच झालं की, भाऊजी. सुटला बिचारा.

त्यांनी ग्लास तसाच हातात धरून ठेवला.

"धाकटे, वाफ सोडली त्या दिवशीही मी विचारलं होतं गं," ते म्हणाले. "तीनदा… उत्तर आलं नव्हतं."

या गोष्टीला आज नऊ दिवस झाले. साहेब रोज त्या कागदाचं विचारतात.

मी म्हणते, बघते.