बेचाळीस मीटर खोल पाणी

‘टिटवी’ दमत होती. यंत्र कधी दमतं का? पण निवेवाडीच्या लोकांना दुसरा शब्दच सुचत नव्हता.

टिटवी ही विजेवर चालणारी बोट होती. तेव्हा कोकणातल्या बऱ्याच खाड्यांमध्ये अशा स्वतःच वाट शोधणाऱ्या बोटी आल्या होत्या. सकाळी पहिल्या फेरीला टिटवी वाऱ्यासारखी खाडी पार करायची. दुपार कलली की मात्र प्रत्येक वळणाआधी विचारात पडल्यासारखी घुटमळायची. बॅटरी भरलेली असे, पंखा ठणठणीत असे, तळाला शेवाळही नसे. बरं, अगदी असल्याच बोटी इतर खाड्यांमध्येही चालत होत्या. त्या कधीच दमत नव्हत्या.

आठवीतल्या कस्तुरी मयेकरला हे कोडं स्वस्थ बसू देत नव्हतं. तिची आई सुनेत्रा टिटवीवर तांडेल होती. बोट स्वतः चालत असली, तरी बोटीची आणि माणसांची जबाबदारी आईचीच.

एके दिवशी ओहोटीच्या वेळी टिटवी भर खाडीत थांबली ती थांबलीच. ओढ समुद्राकडे होती आणि बोट हळूहळू खाडीच्या मुखाकडे वाहू लागली. आईने सगळी यंत्रणा बंद करून पुन्हा सुरू केली. पण सुरू होताना टिटवी आधी स्वतःची सगळी तपासणी करते, त्याला वेळ लागतो. शेवटी एका मच्छीमार होडीने दोर टाकून तिला काठाला ओढून आणलं.

त्या बोटीत कस्तुरी होती आणि शेजारच्या हसीना चाचीही होत्या. चाचींच्या दोन्ही किडन्या थकल्या होत्या. आठवड्यातून तीनदा त्या पलीकडच्या कासारवेळला डायलिसिससाठी (यंत्राने रक्त शुद्ध करून घ्यायला) जात. सगळा वेळ त्यांनी कस्तुरीचा हात घट्ट धरला होता.

दुसऱ्या दिवशी जलवाहतुकीचे साहेब येऊन गेले. “पुन्हा एकदा असं झालं, तर मला बोट बंद करावी लागेल,” ते म्हणाले. त्यांचंही चुकत नव्हतं.

“मग पुलावरून एसटीने जायचं?” कस्तुरीने चाचींना विचारलं.

“अर्धा दिवस जायला, अर्धा यायला. एवढे हादरे मला सोसायचे नाहीत, बेटा.” चाची हसल्या, पण त्यांचे डोळे हसत नव्हते. “बघू. नाही झालं तर नाही जायचं.”

कस्तुरीला ते वाक्य फार लागलं.

बोटीचा प्रोग्राम गुपित नव्हता. टिटवीच्या संगणकात चालणारा केर्नल (सगळ्या कार्यप्रणालीचा गाभा, जो प्रत्येक प्रोग्रामला त्याच्या वाट्याचं काम आणि जागा नेमून देतो) साऱ्या जगाला वाचता येत होता. कुणीही त्यात बदल सुचवू शके. मात्र तो बदल इतर जाणकारांनी वाचून होकार दिल्याशिवाय केर्नलमध्ये जात नसे. या वाचण्याला परीक्षण म्हणत. कस्तुरीच्या शाळेत टिटवीची एक आभासी जुळी बहीणही होती. म्हणजे संगणकातली बोट, संगणकातल्याच खाडीत चालणारी; तिथे भरती-ओहोटीही हवी तशी लावता येई. मुलं तिच्यावर सराव करत.

शाळेत टिटवीच्या नोंदी चाळताना कस्तुरीला एक गोष्ट दिसली. टिटवी सतत समोरच्या पाण्याचं चित्र घेते. प्रत्येक चित्र ठेवायला केर्नल मेमरीतली (काम चालू असताना माहिती तात्पुरती ठेवायची जागा) एक जागा देतो आणि काम झालं की ती परत घेतो. पण काही जागा परत येतच नव्हत्या. सकाळी मेमरी मोकळी असे. दुपारपर्यंत ती जुन्या, निकामी चित्रांनी भरून जाई. नव्या चित्राला जागा शोधता शोधता बोट घुटमळे.

“आई, टिटवी दमत नाहीये. तिच्या डोक्यात पसारा झालाय!” कस्तुरी ओरडतच घरी आली.

मग तिने केर्नलमध्ये एक छोटासा बदल लिहिला. सुकाणू सांभाळणाऱ्या प्रोग्रामने चित्र पाहिलं, की केर्नलने ती जागा ताबडतोब परत घ्यायची. तिने आभासी टिटवी दिवसभर चालवून पाहिली. एकदाही घुटमळ नाही! तिने बदल पाठवून दिला.

उत्तर आलं ते दोन ओळींचं. “हा बदल घेता येणार नाही. या चित्राकडे आणखी कोण बघत आहे? – नि. खोब्रागडे.”

कस्तुरीच्या डोळ्यांत पाणीच आलं. “एवढी मेहनत केली आणि नुसतं ‘घेता येणार नाही’? आई, तू तांडेल आहेस. आपण आपल्यापुरता तो टिटवीत घालूया ना! त्यांना कशाला विचारायचं?”

आई भाजी निवडत होती. तिचा हात थांबला. तिच्याही मनात ते येऊन गेलं होतं, हे कस्तुरीला तिच्या चेहऱ्यावर दिसलं.

“उद्या चाची बोटीत बसणार आहेत,” आई सावकाश म्हणाली. “तुझा बदल घालून बोट सोडू? सांग.”

कस्तुरीने ‘हो’ म्हणायला तोंड उघडलं, आणि मग नकारार्थी मान हलवली.

“मग फोन लाव त्या माणसाला,” आई म्हणाली. “नाही म्हटलंय, ते का म्हटलंय हे तरी ऐकू.”

शाळेतल्या संगणकावरून दोघींनी फोन लावला, तेव्हा पडद्यावर दिसल्या त्या एक आजी. केस पांढरे, चष्मा कपाळावर ढकललेला, मागे अंगणात वाळत घातलेले तांदळाचे पापड. त्या भंडाऱ्याच्या निर्मला खोब्रागडे. आयुष्यभर त्यांनी केर्नलच्या मेमरीवरच संशोधन केलं होतं, आणि आता जगभरातून येणारे बदल त्या घरी बसून वाचत.

“तू कस्तुरी? अगं, तू तर शाळेतली पोर!” त्या थोड्या ओशाळल्या. “माझं उत्तर फार तुटक झालं. जागा अडकून बसते, हे तू अगदी बरोबर हेरलंस. आधी ते लिहायला हवं होतं मी.”

कस्तुरीचा अर्धा राग तिथेच निवला.

“तू आभासी बोट चालवलीस, तेव्हा भरती होती का ओहोटी?” आजींनी विचारलं.

“भरती. आणि... बोटीत कुणी नव्हतं.”

“आता ओहोटी लाव. बोट माणसांनी भर. आणि बघ.”

कस्तुरीने तसं केलं. आभासी टिटवी झोकात निघाली. मधल्या वाळूच्या दांड्याजवळ खरी टिटवी नेहमी लांबून वळसा घेते. ही मात्र वळलीच नाही. सरळ गेली आणि दांड्यावर धाडकन चढली. पडद्यावर लाल अक्षरं उमटली: बोट रुतली.

“पण का?” कस्तुरी घाबरून म्हणाली.

“बोटीला पाणी किती खोल वाटलं होतं, ते उघडून बघ.”

कस्तुरीने आकडे उघडले. “बेचाळीस मीटर! त्रेचाळीस! चव्वेचाळीस! आमच्या खाडीत एवढं पाणी कुठेच नाही हो, आजी.”

“मग हे आकडे आले कुठून? आणखी कुठे दिसतात ते?”

कस्तुरी शोधू लागली. बऱ्याच वेळाने ती चमकली. “हे तर आसनांचे नंबर आहेत! तिकिटांवरचे!”

“आता कळलं?” आजी म्हणाल्या. “तुझ्या शाळेत फळा कधी पुसतात?”

“सर विचारतात, सगळ्यांचं लिहून झालं का? मग पुसतात.”

“आणि पहिल्या बाकावरच्या मुलीचं झालं म्हणून लगेच पुसला तर?”

“तर मागच्या बाकावरची मुलं ओरडतील.”

“प्रोग्राम ओरडत नाहीत. फळ्यावर गणिताऐवजी इंग्रजीचा धडा आला, तरी ते मुकाट्याने उतरवून घेतात. सुकाणूचं बघून झालं आणि तू फळा पुसलास. पण खोली मोजणारा प्रोग्राम त्याच चित्राकडे बघत होता. भरतीला त्याला फारसं काम नसतं, म्हणून तुला तो दिसला नाही. केर्नलला वाटलं, जागा रिकामी आहे. त्याने ती तिकिटांच्या प्रोग्रामला दिली. त्याने आसनांचे नंबर लिहिले. आणि खोली मोजणाऱ्याने ते पाण्याची खोली म्हणून वाचले.”

त्या आभासी बोटीत हसीना चाची बसल्या आहेत, असं कस्तुरीला क्षणभर दिसलं. तिने आईकडे पाहिलं. आईने नुसता तिच्या पाठीवर हात ठेवला.

“घाबरू नको,” आजी मायेने म्हणाल्या. “याच्यासाठीच तर परीक्षण असतं. खऱ्या खाडीत चूक कळण्यापेक्षा कागदावर कळलेली बरी. आणि हाच केर्नल नवजात बाळांना ऊब देणाऱ्या पेट्यांमध्येही चालतो. म्हणून आम्ही एवढ्या चौकशा करतो.”

“मग करायचं काय?”

“तुझ्या सरांसारखं विचारायचं. चित्राकडे कुणी बघायला लागलं, की केर्नलने त्या जागेच्या नावापुढचा आकडा एकाने वाढवायचा. बघून झालं, की एकाने कमी करायचा. आकडा शून्य झाला, तरच फळा पुसायचा. याला संदर्भगणना (एखादी जागा सध्या किती जण वापरत आहेत, याची मोजणी) म्हणतात. या बोटींच्या चित्रांसाठी ती अर्धवटच वापरली आहे. सुकाणूची मोजणी होते, खोली मोजणाऱ्याची भलत्याच पद्धतीने होते. मी ती नीट लिहून पाठवते. मग तू वाच.”

“मी? तुमचं लिहिलेलं?”

“मग काय! परीक्षण म्हणजे मास्तरांनी पेपर तपासणं नव्हे, बाळ. माझ्या लिहिण्याकडे दुसऱ्याने बघितल्याशिवाय तेही आत जात नाही.”

आजींचा बदल आला. कस्तुरीने तो एकदा वाचला, तेव्हा तो तिला देवळाच्या पायऱ्यांसारखा नीटनेटका वाटला. एवढ्या मोठ्या बाईंची चूक कशी निघणार? पण त्या विचाराने ती थांबली नाही. प्रोग्राम ज्या ज्या वाटांनी जाऊ शकतो, त्या प्रत्येक वाटेवर बोट ठेवून तिने वाचायला सुरुवात केली. इथे आकडा वाढतो. इथे कमी होतो. इथे वाढतो. इथे कमी होतो.

आणि मग एक अशी वाट दिसली, जिथे आकडा वाढत होता. पण कमी होत नव्हता.

पाणी फार गढूळ असलं, तर खोली मोजणाऱ्याला चित्रातलं काहीच समजत नाही. तेव्हा तो ते चित्र अर्धवट सोडून नवं मागतो. जाताना मात्र ‘माझं झालं’ असं सांगतच नाही! त्या जागेचा आकडा कायम एकवरच अडकतो. फळा कधीच पुसला जात नाही.

कस्तुरी ताडकन उठली आणि धक्क्यावर आईकडे धावली. “आई, आपल्या खाडीचं पाणी ओहोटीला गढूळ होतं ना?”

“होतं म्हणजे काय! वरच्या अंगाला रस्त्याचं काम निघाल्यापासून तर नुसता चिखल वाहतोय.”

“म्हणूनच! म्हणूनच आपलीच टिटवी अडखळते. इतर खाड्यांचं पाणी स्वच्छ आहे.”

तिने आजींना लिहिलं. ‘तुमची मोजणी छान आहे,’ असं आधी लिहिलं, आणि मग ती वाट दाखवली.

थोड्याच वेळात फोनच आला. आजी अंगणात उभ्या होत्या आणि चक्क टाळ्या वाजवत होत्या. “ही वाट मी बघितलीच नव्हती गं! जुनी गळतीही हीच. माझ्या बदलाने ती बुजली नसती, तशीच राहिली असती. तू शोधून काढलीस!”

त्या वाटेवर एकच ओळ वाढवावी लागली: जाताना आकडा कमी कर. मग तो बदल आणखी दोघांनी वाचला, एक मदुराईचे आणि एक केनियातल्या. त्यांनी पुष्कळ प्रश्न विचारले आणि कस्तुरीने प्रत्येकाचं उत्तर दिलं. आभासी टिटवी ओहोटीत, भरतीत, भरलेली, रिकामी, चिखलातून, धुक्यातून चालवून झाली. त्यानंतरच होकार आला. बदलाखाली दोन नावं होती: निर्मला खोब्रागडे आणि कस्तुरी मयेकर.

ज्या दुपारी तो टिटवीत घातला, त्या दुपारी साहेब स्वतः बोटीत बसले. ओहोटी होती आणि पाणी चहासारखं लाल. मधल्या दांड्याजवळ सगळ्यांनी श्वास रोखला. टिटवी न घुटमळता वळली, दांड्याला लांबून वळसा घालून कासारवेळच्या धक्क्याला लागली. संध्याकाळच्या शेवटच्या फेरीलाही ती सकाळसारखीच ताजीतवानी होती.

“चालू द्या,” एवढंच साहेब म्हणाले. आईने तोंड फिरवून पदराने डोळे टिपले.

हसीना चाचींनी कस्तुरीच्या हातावर कागदात बांधलेल्या फणसाच्या सांदणांची पुडी ठेवली. “मला तुमच्या त्या केर्नलमधलं काही कळत नाही,” त्या म्हणाल्या. “पण सोमवारी मी जाणार आहे. बुधवारीही जाणार.”

त्याच आठवड्यात भंडाऱ्याहून निरोप आला. ‘लेहमधल्या एका शाळकरी मुलाने पहिलाच बदल पाठवला आहे. डोंगरातल्या रोपवेच्या मेमरीबद्दल आहे. माझ्याआधी तू वाचशील का?’

कस्तुरी शाळेतल्या संगणकासमोर बसली. तिने तो बदल पहिल्या ओळीपासून शेवटपर्यंत वाचला आणि पुन्हा पहिल्या ओळीवर आली. दूर बर्फाच्या गावात कुणीतरी नखं कुरतडत उत्तराची वाट बघत असेल, हे तिला ठाऊक होतं. तिने लिहायला सुरुवात केली:

“जुले! तुमच्याकडे नमस्काराला असंच म्हणतात ना? मी कस्तुरी. आमच्याकडे खाडी आहे, बर्फ नाही. तुमचा रोपवे कसा चालतो, ते मला आधी सांगशील?”