क्रेनवरून पडलेले सात थेंब

अकरा मार्च, सकाळचे दहा वाजून वीस मिनिटे. आकाशातील ढग : शून्य. तिच्या हातातील नकाशावर पडलेले पाण्याचे थेंब : सात.

तिने वर पाहिले. टॉवर क्रेनचा लांब हात, आणि त्याच्या मुळाशी काचेची एवढीशी केबिन. बांधकामावर इंजिनिअर म्हणून ती नुकतीच रुजू झाली होती. वॉकीटॉकीवरून क्रेनचालकाला सूचना देणे हे तिचे काम. त्याचा चेहरा तिने अजून पाहिला नव्हता. आवाज मात्र ओळखीचा झाला होता — किंचित खर्जातला, हसू दाबल्यासारखा.

"वर पाऊस आहे का?"

"नाही… बाटली सांडली. सॉरी, मॅडम."

दुसऱ्या दिवशी त्याच वेळी बाटली पुन्हा सांडली. तिसऱ्या दिवशी ती छत्री उघडूनच उभी राहिली.

वॉकीटॉकीत खरखर झाली. मग — "छत्री शोभते तुम्हाला."

"विषय बदलू नका. पाणी का ओतता?"

"ताई रोज बाटली भरून देते, आणि संध्याकाळी रिकामी झाली का ते बघते."

"मग प्या की."

"प्यायलो की उतरावं लागतं. शिडीनं उतरून परत चढेपर्यंत काम खोळंबतं, आणि मुकादमकाका माझ्या सात पिढ्यांचा उद्धार करतात."

"ऐकतोय मी," त्याच चॅनलवर मुकादमकाका खाकरले.

"पण ताईंना एवढी काळजी कशाची?"

"…मुतखडा. दोनदा झालाय. तिसऱ्यांदा झाला तर डॉक्टर तंदुरुस्तीच्या दाखल्यावर सही करणार नाहीत. मग वर चढणं कायमचं बंद."

तिची नजर हवेत लटकलेल्या सळयांच्या मोळीकडे गेली. अशा क्षणी त्याच्या कुशीत कळ उठली तर… तिने लगेच बटण दाबले.

"केबिनमधून उतरायला नको म्हणून पाणी टाळता, आणि पाणी टाळल्यानंच केबिन कायमची जाणार. हा हिशेब कुठल्या शाळेत शिकलात?"

त्या दिवशी बाटली सांडली नाही.

तिने कामाचे वेळापत्रक पुन्हा आखले. सळयांची मोठी मोळी बांधली जाईपर्यंत क्रेनचा हूक रिकामाच थांबत असे. तेवढ्यात माणूस आरामात उतरून चढू शकत होता. ती वेळ तिने त्याच्या विश्रांतीची ठरवली. मुकादमकाका दिवसभर कुरकुरले. काम मागे पडत नाही असे दिसल्यावर आपलीच कल्पना असल्यासारखे सर्वांना सांगू लागले.

तो पहिल्यांदा खाली आला तेव्हा त्याच्या कपाळावर हेल्मेटचा वळ होता, आणि उंचीने तो तिच्याएवढाच भरला.

"आवाजावरून तुम्ही उंच वाटला होतात."

"उंचावर होतो ना. गैरसमज होतो माणसाचा."

ती हसली… आणि नेमके काय तपासायला आली होती, ते विसरली.

कामावर नियम होता : मिळालेली सूचना आधी जशीच्या तशी उच्चारायची, मगच पाळायची. तिने तो नियम पाण्यालाही लावला.

"चार घोट पाणी प्या."

"चार घोट पाणी पितो."

"ऐकू येऊ दे."

वॉकीटॉकीतून घटघट आवाज येई. दिवसभर असे थोडे थोडे करून डॉक्टरांनी सांगितलेले तीन लिटर पुरे होत. दोघांचे 'तुम्ही' मात्र कायम राहिले.

जानेवारीत इमारत उभी राहिली. शेवटची मोळी उतरली, हूक रिकामा झाला. दुसऱ्या दिवसापासून क्रेनचे भाग सुटे करायचे होते. पुढच्या कामासाठी त्याला एक शहर, तिला दुसरे.

"मॅडम… आज एक सूचना मी देऊ?"

"द्या."

"यापुढे पाणी प्यायलो का, हे रोज तू विचारायचं… समोर बसून. आयुष्यभर."

वारा केबिनच्या काचेवर घासत होता. तो तिला वॉकीटॉकीतून ऐकू येत होता.

"सूचना… परत सांगा," तो म्हणाला.

तिने बटण दाबले. "यापुढे मी रोज विचारायचं. समोर बसून…" क्षणभर थांबून तिने वर पाहिले. "आयुष्यभर. ये आता खाली."

"सूचना आम्हालाही समजली," मुकादमकाका म्हणाले. "आधी क्रेन नीट बंद कर, मग ये."

पुढच्या आठवड्यात तो तपासणीला गेला तेव्हा एका बाजूला ताई होती, दुसऱ्या बाजूला ती. डॉक्टरांनी दाखल्यावर सही केली आणि सोनोग्राफीचा अहवाल तिच्याच हाती दिला.

दोन्ही मूत्रपिंडांतील खडे : शून्य.