रबरी रुग्णाची नाडी

केटा गावच्या परिचर्या विद्यालयातील सराव-कक्षात एकच नियम होता: जे ऐकू येईल तेच लिहायचे. मादाम एसिनाम आग्बेको अकरा वर्षे तो नियम शिकवीत होत्या. आणि अकरा वर्षे विद्यार्थी सरावाच्या बाहुलीच्या, म्हणजे रबरी रुग्णाच्या तक्त्यावर, न ऐकताच, १२०/८० हा निरोगी रक्तदाब लिहून मोकळे होत.

एकशेसाठ विद्यार्थ्यांना त्या एकट्या. पाय सुजलेले, कानांत सतत गुणगुण. दुसऱ्या शिक्षिकेची मागणी त्यांनी तीनदा केली. कामाने प्रकृती बिघडते याचा पुरावा प्राचार्य क्पोडो यांनी तीनदा मागितला. दवाखान्यातील परिचारिकेने, एसिनामच्याच जुन्या विद्यार्थिनीने, एसिनामच्या दंडाला दोनदा पट्टा बांधला, दोनदा कान दिला आणि नजर चुकवून लिहिले: १२०/८०.

त्या सोमवारी सेलॉर्म या विद्यार्थ्याने रबरी रुग्णाच्या तक्त्यावर १९०/११० लिहिले.

"रबराला रक्तदाब कुठून आला रे? निदान थाप तरी नेहमीची मार!"

"शप्पथ मादाम, ऐकू आलं तेच लिहिलं."

पुढच्या मुलीनेही तेच लिहिले. तिच्या पुढच्यानेही.

एसिनामनी स्टेथोस्कोपची नळी कानांत घातली. रबराखाली ठोके पडत होते. त्या रागाने ओरडल्या, तसे ते वाढले. गप्प झाल्या, तसे मंदावले.

तक्ता घेऊन त्या तडक प्राचार्यांकडे गेल्या.

"आता बाहुलीचं दुखणं आणलंत?" क्पोडो हसले. "घरी जा बाई, बांकू-मासळी खा, झोपा."

"झोपेन. दुसरी शिक्षिका रुजू होईल त्या दिवशी. आधी तुम्ही ऐकायला चला."

ते आले. त्यांनी ऐकले. मग न हसता रबरी रुग्णाला लोखंडी कपाटात कोंडून त्यांनी किल्ली खिशात टाकली.

"मिटली तक्रार."

"असं? मग थांबा जरा. माझा तास संपलेला नाही."

एसिनाम शिकवू लागल्या, खणखणीत आवाजात. आतल्या ठोक्यांनी कपाटाचा पत्रा वाजू लागला.

"घड्याळं बघा. एक मिनिट मोजा."

वर्गातील चाळीस माना खाली झुकल्या.

चाळीस लेखण्या एकदम टेकल्या. प्रत्येक वहीत एकच आकडा: ११२.

"रुग्णाचं नाव, मादाम?" सेलॉर्मने हळूच विचारले.

"एसिनाम आग्बेको. साक्षीदार, प्राचार्य क्पोडो."

क्पोडोंनी उभ्याउभ्याच मागणीपत्रावर सही केली.

एसिनामनी सवयीने आपल्या मनगटावर दोन बोटे ठेवली. पूर्ण मिनिटभर.

तिथे काहीच नव्हते.

त्यांनी हात पुढे केला.

"किल्ली द्या," त्या म्हणाल्या. "ती यापुढे माझ्याकडे राहील."